किरकोळ कारण

गाडी काळा धूर सोडू लागली की तिच्या मालकाला गावात अचानक भाव येतो. एरवी नुसती मान हलवून पुढे जाणारी माणसं थांबतात, धुराकडे बघतात, नाक मुरडतात आणि निकाल देऊन मोकळी होतात. ‘रिंगा गेल्यात.’ ‘इंजिन उतरवावं लागणार.’ ‘कार्बोरेटर बाद झालाय, नवा टाका.’ ‘कशाला नादी लागताय, विकून टाका.’ तब्येत, लग्न आणि गाडी या तीन विषयांत सल्ला द्यायला आपल्याकडे कसलीच पात्रता लागत नाही. पण या सगळ्या सल्ल्यांत मला एक साम्य दिसत आलं आहे. किरकोळ कारण कुणीच सांगत नाही. ‘जरा फिल्टर काढून झटका’ एवढंच बोलून पुढे गेलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. सल्ला जितका खर्चिक तितका सांगणारा जाणकार, असा हिशेब असावा.

आमचे थोरले बंधू नाना वाईला असतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत. त्यांच्याकडे मारुतीची जुनी व्हॅन आहे. ही व्हॅन 1984 साली आली, 1988 पासून तिला ओम्नी म्हणू लागले आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. एवढ्या वर्षांत तिने शाळेची पोरं नेली, भाजी नेली, पेशंट नेले, गणपती आणले, आणि हिंदी सिनेमात नायिकेच्या धाकट्या भावाला पळवून नेण्याचं कामही तिच्याकडेच असे. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली. त्यामुळे मे महिन्यात या गाडीतून जाणारा माणूस इंजिनावर अक्षरशः बसलेला असतो आणि इंजिनाला काय होतंय हे त्याला सर्वांत आधी कळतं, तेही कुठून कळतं ते सांगण्याची गरज नाही.

नानांची व्हॅन गेल्या वर्षी पेट्रोल प्यायला लागली. नानांकडे वही असते. पेट्रोल किती भरलं, किलोमीटर किती झाले, भागाकार किती आला, सगळं निळ्या शाईत. लिटरला पंधराच्या घरात असलेलं ॲव्हरेज उतरत उतरत दहावर आलं. पेट्रोल शंभरीपार असताना हा भागाकार त्यांना रात्री झोपू देईना. रेस दिली की मागून काळा धूर, सिग्नलला उभी राहिली की भकभक, गरम असताना बंद केली तर पुन्हा सुरू व्हायला कुरकुर. व्हॅन जिथे उभी असते तिथल्या भिंतीवर सायलेन्सरच्या उंचीला काजळीचा एक गोल उमटला होता. वहिनींनी रोगनिदानात वेळ न घालवता थेट पथ्य सांगितलं होतं: कुरडया वाळत घातलेल्या असताना व्हॅन सुरू करायची नाही.

तरी एका बाबतीत नाना व्हॅनवर खूश होते. ‘बाकी काही म्हण,’ ते मला सांगत, ‘डिसेंबरात, वाईच्या थंडीत, चोक न ओढता पहिल्या सेल्फला सुरू होते. या वयात!’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कार्बोरेटर ही वस्तू पहिल्यांदा उघडून बघणाऱ्याची थोडी निराशाच करते. इतक्या गाजलेल्या यंत्रात आत असतं काय, तर मध्ये बारीक झालेली एक नळी आणि कडेला पेट्रोलची वाटीभर टाकी. नळी अरुंद झाली की तिच्यातून जाणारी हवा वेग घेते आणि तिथला दाब कमी होतो. डॅनियल बर्नुली यांनी 1738 मध्ये आणि जोव्हान्नी बत्तिस्ता वेंतुरी यांनी 1797 मध्ये वाहत्या द्रवांबद्दल जे लिहून ठेवलं, त्यावर हा सगळा संसार उभा आहे. दाब कमी झालेल्या जागी बारीक तोंडातून पेट्रोल आपोआप ओढलं जातं, हवेत त्याचा तुषार होतो आणि तो इंजिनात जातो. पंप फक्त टाकीपर्यंत पेट्रोल आणून देतो. पुढे कुणी ढकलत नाही, हवा स्वतः ओढून घेते.

आता खरी गंमत प्रमाणात आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. वजनात सांगितलं तर कुणाला काही वाटत नाही, म्हणून लिटरमध्ये सांगतो: एक लिटर पेट्रोलला साधारण 9,000 लिटर हवा. आपण पंपावर पैसे पेट्रोलचे मोजतो म्हणून गाडी पेट्रोलवर चालते असं समजतो. आकारमानाने बघितलं तर गाडी हवेवर चालते, पेट्रोल चवीपुरतं. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं तर ते पुरतं जळत नाही, काजळी होऊन बाहेर पडतं. आणि पेट्रोल तेवढंच राहून हवा कमी झाली तरी तेच होतं. इंजिनाला या दोहोंतला फरक कळत नाही. मालकालाही कळत नाही, म्हणून तो पहिला संशय पेट्रोल देणाऱ्यावर घेतो. हवा फुकट मिळते, तिचा हिशेब वहीत नसतो.

नानांनी व्हॅन एसटी स्टँडामागच्या मिस्त्रींकडे नेली तेव्हा मी बरोबर होतो. नाना पुऱ्या तयारीनिशी आले होते. कार्बोरेटर उघडल्यावर सुटे भाग ठेवायला स्टीलचं ताट, घासायला जुना ब्रश, पुसायला धोतराचा तुकडा आणि खिशात नव्या किटचे पैसे. मिस्त्रींनी ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘नाना, गाडी थंड असताना बरी चालते का गरम झाल्यावर?’

‘थंड असताना एकदम झकास. चोकसुद्धा लागत नाही.’

‘मग तोच रोग आहे,’ मिस्त्री म्हणाले.

नानांच्या चेहऱ्यावरचा अभिमान जागच्या जागी थिजला. पण मिस्त्रींचं खरं होतं. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरू होताना त्याला मुद्दाम जास्त पेट्रोल लागतं आणि त्यासाठीच चोक असतो. थंडीत चोक न ओढता गाडी सुरू होते याचा अर्थ जास्तीचं पेट्रोल तिला आधीच मिळतंय. थंड असताना सुखी आणि तापल्यावर दुःखी असेल तर पेट्रोल जास्त, उलट असेल तर हवा जास्त. एका प्रश्नात अर्धं काम झालं होतं, आणि पाना अजून पेटीतच होता.

मग सीट उलटली आणि तिन्ही प्लग बाहेर आले. मिस्त्रींनी ते ओळीने फडक्यावर ठेवले. तब्येतीच्या इंजिनाचा प्लग टोकाशी फिकट चॉकलेटी असतो. हे तिन्ही कोरड्या, मखमली काजळीने माखलेले. बोटाने पुसली की पुसली जाणारी. ओली, तेलकट, चिकट असती तर रिंगांची शंका घ्यायला जागा होती. तेव्हा धूरही काळा नाही, निळसर येतो. एकच प्लग काळा असता तर त्या एका सिलिंडरचा करंट, वायर नाहीतर व्हॉल बघावा लागला असता. तिन्ही सारखेच काळे म्हणजे दोष तिघांना मिळून जे येतं त्यात आहे. ठिणगी दुबळी असली तरी प्लग काळे होतात, म्हणून त्यांनी प्लग बॉडीला टेकवून सेल्फ मारायला लावला. निळी, कडक, टचटच ठिणगी. करंट निर्दोष सुटला. रिंगा सांगणारे शेजारी इथेच बाद झाले. नानांनी ते वहीत लिहिलं.

डिपस्टिक काढून मिस्त्रींनी हुंगली. मीही हुंगली. तेलाला पेट्रोलचा वास होता. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली तेलातच मिसळतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंग झिजू लागतात. पंपाचा डायफ्रॅम फाटला तरी पेट्रोल तेलात उतरतं, म्हणून तोही बघून घेतला. तो शाबूत होता. पंपावर जास्त गेलेले पैसे नानांच्या वहीत दिसत होते, तेलाचं नुकसान कुठल्याच रकान्यात नव्हतं.

पुढची पाळी फिल्टरची. झाकण उघडून मिस्त्रींनी तो उन्हात आडवा धरला. उजेड पलीकडे यायला हवा, तो काही येईना. उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली दोन हंगामांची धूळ घड्याघड्यांत बसली होती. फिल्टर बाजूला ठेवून गाडी सुरू केली. सुधारली, पण थोडीच. नानांना हायसं वाटलं. एवढ्यावर भागलं असतं तर ताटाचं काय?

फिल्टरचं झाकण निघालेलंच होतं. मिस्त्रींनी टॉर्च घेतला आणि कार्बोरेटरच्या घशात उजेड टाकून मला म्हणाले, ‘या, बघा.’

वरच्या तोंडाशी चोकची झडप असते, रुपयापेक्षा थोडी मोठी गोल पत्र्याची चकती. चोक ओढला की ती आडवी होऊन हवेची वाट अडवते. नॉब आत ढकलला की उभी राहायला हवी, इतकी सरळ की वरून फक्त कड दिसावी. ही उभी नव्हती, तिरकी होती. वरून तिचा पत्रा चांगला बोटभर दिसत होता आणि त्यावर काजळीचा थर.

‘पण नॉब तर पूर्ण आत आहे!’ नाना म्हणाले.

‘नॉब आत आहे हो नाना, झडप नाही. दोघांच्या मध्ये वायर आहे ना.’

त्या वायरीत धूळ आणि गंज मिळून असा काही समेट झाला होता की ती ओढली जायची, परत मात्र निम्म्यावरच थांबायची. म्हणजे नानांची व्हॅन वर्षभर थोडा चोक लावूनच वाईभर हिंडत होती. चोक न ओढता सुरू होते यात नवल कसलं, तो कधी आत गेलाच नव्हता.

मिस्त्री तिथेच थांबले नाहीत, आणि मला वाटतं मिस्त्री आणि शेजारी यांत फरक असतो तो इथे. एक कारण सापडलं म्हणून दुसरं नाही असं होत नाही. त्यांनी झडप बोटाने उभी धरली, गाडी आयडलिंगला कशीबशी चालू ठेवली आणि पुन्हा घशात टॉर्च मारला. मधल्या मोठ्या तोंडातून पेट्रोल ठिबकतंय का ते बघत होते. आयडलिंगला ते तोंड कोरडं असायला हवं, कारण तेव्हा पेट्रोल खालच्या वेगळ्या बारीक वाटेने जातं. ठिबकत असेल तर कडेच्या टाकीतली पातळी वर गेली आहे असं समजायचं. ही पातळी राखणारी व्यवस्था संडासाच्या फ्लश टाकीतल्या चेंडूसारखीच आहे: फ्लोट वर आला की नीडल दाबली जाते आणि येणारं पेट्रोल बंद. नीडलखाली कचऱ्याचा एक कण अडकला किंवा फ्लोटला भोक पडून तो जड झाला की पेट्रोल थांबत नाही. कण अडकला असेल तर टाकीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोन टिचक्या मारतात आणि पुष्कळदा तेवढ्याने तो सुटतोही. पितळी फ्लोट संशयित असेल तर तो गरम पाण्यात बुडवायचा. भोक असेल तिथून बुडबुडे येतात. सीएनजीवर पळणाऱ्या व्हॅनमध्ये हा त्रास जास्त, कारण न वापरलेलं पेट्रोल आत सुकून चिकट होतं आणि नीडल जाम करतं. नानांच्या व्हॅनचं तोंड कोरडं ठणठणीत होतं. कार्बोरेटर निर्दोष.

‘म्हणजे उघडायचा नाही?’ नानांनी ताटाकडे बघत विचारलं.

‘कशाला उघडायचा? त्याने काय केलंय?’

उघडला असता तर काय झालं असतं, तेही मिस्त्रींनी सांगितलं. कार्बोरेटर साफ करायला बसलेल्या माणसाला जेटच्या भोकातून तार फिरवण्याचा मोह आवरत नाही. जेट पितळेचा, मऊ. भोक एक मिलिमीटरचं असेल आणि तारेने ते 1.05 झालं, तर डोळ्यांना काहीच कळत नाही. पण क्षेत्रफळ 10 टक्क्यांनी वाढतं आणि पेट्रोलही त्याच मानाने. (नानांनी हे गणित लगेच करून बघितलं आणि बरोबर आहे म्हणाले.) म्हणजे पेट्रोल कमी करायला निघालेला माणूस ते कायमचं वाढवून ठेवतो. जेट पेट्रोलने धुवावा आणि हवा मारावी, बस. शिवाय कार्बोरेटरमधली बरीच बारीक भोकं पेट्रोलची नसून हवेची असतात. ती बुजली तरी मिश्रण दाटच होतं. पुन्हा तेच, दोष हवेचा आणि आळ पेट्रोलवर.

वायर बदलली, फिल्टर नवा टाकला, झडप उभी राहिली, आणि गाडी आयडलिंगला बंदच पडायला लागली. नाना माझ्याकडे बघू लागले. मिस्त्री मात्र हसले. हवेचं मिश्रण ठरवणारा स्क्रू जवळजवळ पूर्ण आवळलेला होता. निरोगी गाडी त्या स्थितीत बंद पडायला हवी. ही चालत होती, कारण तिला वरून परस्पर खुराक मिळत होता. झालं होतं असं की अधूनमधून कुणीतरी पीयूसीसाठी तो स्क्रू आवळून दिला होता. जुन्या पेट्रोल गाडीच्या धुरात आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो. स्क्रू आवळला की आकडा खाली येतो, कागद मिळतो, आणि पुढच्या वळणावर रेस दिली की मागचा मोटारसायकलवाला डोळे पुसतो. यात गंमत अशी की पीयूसी करून देणारं केंद्रही पुष्कळदा एका जुन्या मारुती व्हॅनमध्येच थाटलेलं असतं, आणि तिचा स्वतःचा धूर कोण तपासतं हा प्रश्न विचारायचा नसतो. आवळलेल्या मिश्रणावर गाडी बंद पडू नये म्हणून आणखी कुणीतरी आयडलिंगचा वेग वाढवून ठेवला होता. एक दोष झाकायला एक स्क्रू, तो स्क्रू झाकायला दुसरा. मूळचं कारण तळाशी निवांत.

मिस्त्रींनी इंजिन पुरतं तापू दिलं, दोन्ही स्क्रू मुळापासून लावले, कानाने एकेक पाव फेरा मागेपुढे करत. एक फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं. दोन्ही एकदम कधीच नाही. तेलही बदलायला लावलं.

खात्री करायला आम्ही पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो. घाटात काळा धूर नव्हता. थोडा दम लागला, पण त्याला कार्बोरेटरच्या गाडीचा नाइलाज असतो. वर हवा विरळ होते आणि जेट मात्र तेवढाच राहतो. समुद्रसपाटीला लावलेली गाडी आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला, म्हणजे 1,350 मीटरच्या आसपास नेली तर हवेची घनता साधारण 12 टक्क्यांनी कमी झालेली असते आणि मिश्रण 6 टक्क्यांच्या आसपास दाट. जुन्या गाडीला चढ एकट्या चढाचा नसतो. नव्या गाड्यांत हे सगळं संगणक बघतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि पेट्रोल तितकंच सोडलं जातं. ते जास्त चांगलं आहे, याबद्दल माझं दुमत नाही. एप्रिल 2020 पासूनच्या नियमांनी नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जवळपास गेला, आणि हवेच्या दृष्टीने बरंच झालं. राहिल्या आहेत त्या नानांच्या व्हॅनसारख्या जुन्या गाड्या. त्यांच्या वेळी 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल कुणाच्या स्वप्नात नव्हतं. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे मिश्रण आपसूक थोडं पातळ होतं; म्हणजे काळ्या धुराला परस्पर उतारा पडला, असं कुणी म्हणेल. पण तेच इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम खातं, तेव्हा त्या भरवशावर राहू नये.

वहीतलं ॲव्हरेज पुन्हा चौदाच्या पुढे गेलं. खर्च एक वायर, एक फिल्टर, तेल आणि मिस्त्रींची मजुरी. नाना मात्र थोडे खट्टूच होते. संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी विचारलं, ‘काय निघालं शेवटी?’ नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘कार्बोरेटरचं काम होतं. बरंच मोठं.’ मी शेजारी होतो, गप्प राहिलो. वर्षभर धूर, एवढे सल्ले, वहीभर भागाकार, आणि शेवटी निघालं काय तर गंजलेली वायर, हे चारचौघांत सांगणं कुठल्याही गणिताच्या मास्तरला जडच जाईल. किरकोळ कारणाने माणसाचा जरा अपमानच होतो. महागडी दुरुस्ती लोक बिनतक्रार करून घेतात, त्यामागे हा अपमान टाळण्याची धडपड किती असते हे एकदा कुणीतरी मोजायला हवं.

तुमच्या दारात अजून एखादी जुनी व्हॅन असेल आणि ती काळा धूर मारत असेल, तर माझं एक ऐका. आधी फिल्टर उन्हात धरा, मग चोकची झडप डोळ्यांनी बघा, मग प्लग, मग तेलाचा वास, मग फ्लोट. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जुने फिरवलेले स्क्रू जागेवर आणा. कार्बोरेटर उघडायची वेळ आलीच तर ती सर्वांत शेवटी, आणि जेटमध्ये तार घालू नका.